मसाज गन घ्यायचीय? आधी दुखणं कुणाचं आणि कशाचं, ते पाहा

रमजानच्या पहिल्या तीन-चार तरावीह झाल्या की मस्जिदीच्या पायऱ्या उतरताना एक दृश्य हमखास दिसतं. म्हाताऱ्यांचं सोडा, पंचविशीतली पोरंही कठडा धरून उतरतात. मांड्या भरून आलेल्या, पोटऱ्या ताठलेल्या. वीस रकात म्हणजे चाळीस सजदे. वर्षभर गल्ल्यावर किंवा कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याच्या पायांना एवढ्या उठ-बसीची सवय नसते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) याला आणखी एक बारमाही निमित्त आहे, ते म्हणजे पाण्याचा दिवस. कित्येक वस्त्यांमध्ये अनेक दिवसांनी एकदा नळ येतो. मग ड्रम, हंडे, बादल्या, जे हाताला लागेल ते भरायचं आणि दोन-दोन जिने चढवायचं. त्या रात्री घरातल्या बाईचे खांदे आणि कंबर काय म्हणत असतील, ते तिलाच ठाऊक. जाधववाडीच्या बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, वाळूजमध्ये मशीनसमोर आठ तास उभा राहणारा कामगार, मागावर हिमरू विणणारा कारागीर, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली बाजी, दुखणं सगळ्यांचंच आहे. फक्त जागा वेगळी.

या दुखण्यावरचा उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत मोबाईलवर एक जाहिरात सारखी येते. पिस्तुलाच्या आकाराचं यंत्र, पुढे रबरी गोळा, तो टकटक करत मांडीवर आपटतोय आणि माणूस डोळे मिटून हसतोय. हीच मसाज गन. साधारण दीड हजारापासून ती मिळते. नाव असलेल्या परदेशी कंपन्यांची घ्यायची म्हटली तर वीस-पंचवीस हजारांच्याही पुढे जाते. आणि लोक घेतायत. कुणी स्वतःसाठी, कुणी सौदीहून येताना अब्बांसाठी.

या यंत्राबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: “अम्मीचे गुडघे फार दुखतात, कोणती गन घेऊ?”

उत्तर आहे: कोणतीच नाही. का, ते आधी सांगतो. कोणती घ्यावी हा प्रश्न त्यानंतरचा.

दुखणं स्नायूचं आहे की दुसऱ्याच कशाचं?

मसाज गन फक्त एकाच गोष्टीसाठी बनलेली आहे: थकलेला, आखडलेला स्नायू, म्हणजे मांसाचा भाग. मांडी, पोटरी, कुल्ला, खांद्याचा वरचा भाग, पाठीचे कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू, दंड. सांधा हा स्नायू नाही. गुडघ्याच्या वाटीवर मसाज गन चालवणं म्हणजे हाडावर हातोडी चालवण्यासारखं आहे. वयानुसार गुडघ्याची झीज झाली असेल तर आतली कूर्चा या ठोक्यांनी परत येत नाही, उलट सूज असेल तर ती वाढू शकते. अशा गुडघ्याला खरा आधार मांडीच्या मजबूत स्नायूंचा असतो. तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या साध्या व्यायामाने मिळतो: खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, काही सेकंद धरून ठेवणं, खाली आणणं. याला एक रुपया लागत नाही. म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात येत नाही.

स्नायूचं दुखणं ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीपेक्षा जास्त किंवा वेगळं काम केलं, त्या दिवशी काही वाटलं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकायला लागलं आणि चार-पाच दिवसांत आपोआप कमी झालं, तर ते स्नायूचं. तरावीहचं दुखणं असंच असतं, साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जोरात. याला ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं म्हणतात, पण ते खरं नाही. ते ॲसिड व्यायामानंतर तास-दोन तासांतच रक्तातून निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होऊन त्या दुरुस्त होत असतात म्हणून. विशेषतः भार सांभाळत खाली बसताना, जिना उतरताना हे होतं. म्हणूनच मस्जिदीच्या पायऱ्या चढताना नाही, उतरताना जास्त दुखतात.

आता दुसरी बाजू. घरातल्या बाईचं अंग महिनोन्‌महिने दुखतंय. कुठलं विशेष काम नाही, तरी मांड्या जड, उठताना हात टेकावा लागतो, कंबर सतत भरलेली. आपल्या घरांमध्ये याला ‘थकवा’ म्हणून सोडून देतात. हे बऱ्याचदा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं असतं. उन्हात फारसं निघणं होत नाही, घरं दाटीवाटीची, गच्ची असली तरी वर जायला वेळ नाही. रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, थायरॉईड हीही कारणं असतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुरू असेल तर काहींना तिच्यामुळेही स्नायू दुखतात. यातल्या एकावरही मसाज गन चालत नाही. उलट दोन मिनिटं बरं वाटतं आणि तपासणी आणखी सहा महिने पुढे ढकलली जाते. खरं नुकसान इथे होतं. तीन हजार रुपये गेले त्याचं एवढं नाही.

म्हणून यंत्रावर पैसे घालण्याआधी एकदा घाटी रुग्णालयाची ओपीडी किंवा आपल्या मोहल्ल्यातला भरवशाचा डॉक्टर, आणि रक्ताची तपासणी. पंधरा दिवसांपेक्षा जुनं दुखणं असेल तर हा क्रम बदलू नका.

मालिश आपल्याला नवी नाही

हे यंत्र अमेरिकेतून आलं. लॉस एंजेलिसमधले कायरोप्रॅक्टर जेसन वर्सलँड यांचा २००७ मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला. अंगदुखीने हैराण होऊन त्यांनी लाकूडकामाच्या पॉवर टूलमध्ये फेरफार करून स्वतःसाठी ठोके देणारं यंत्र बनवलं. त्यातून २०१६ मध्ये थेरागन बाजारात आली आणि मग बाकीच्यांनी तेच केलं.

पण थकलेल्या अंगाला चोळून-दाबून आराम द्यायची विद्या आपल्या हकिमांकडे हजार वर्षांपासून आहे. युनानीत तिला ‘दल्क’ म्हणतात, इलाज-बित-तदबीरचा तो एक भाग. इब्न सीना यांनी ‘अल-कानून’मध्ये दल्कचे प्रकार सांगितले आहेत: जोराची, हलकी, जास्त वेळची, मध्यम. मेहनतीच्या आधी अंग तयार करणारी वेगळी आणि मेहनतीनंतर थकवा उतरवणारी वेगळी. नंतरची हलक्या हाताने करावी, असा त्यांचा रोख आहे. आजच्या मसाज गनच्या पुस्तिकेत जवळपास हेच लिहिलेलं असतं.

आणखी एक गंमत. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन मोहम्मद इंग्लंडला गेले आणि १८१४ मध्ये त्यांनी ब्रायटनला वाफेचं स्नान आणि चंपी देणारं हमामखान्यासारखं ठिकाण उघडलं. त्यांचा एवढा बोलबाला झाला की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांनी त्यांना आपला ‘शाम्पू सर्जन’ नेमलं. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चंपी’तूनच गेलाय, आणि तेव्हा त्याचा अर्थ केस धुणं नव्हता, मालिश होता.

हे सांगायचं कारण एवढंच की मसाज गन हे काही जादूचं यंत्र नाही. दादीअम्मा रात्री पोरांकडून पाय दाबून घेते, तेच काम हे मोटरवर करतं. फरक असा की दादीच्या पायावर नातवाचा हात असतो. कुठे दुखतंय, किती दाबायचं, कुठे थांबायचं, ते त्या हाताला कळतं. मोटरला कळत नाही.

खरंच फरक पडतो का?

थोडा पडतो. २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १६ निरोगी पुरुषांच्या पोटरीवर ५ मिनिटं मसाज गन चालवून पाहिली. घोटा वळण्याची मर्यादा साधारण साडेपाच अंशांनी वाढली, ताकद मात्र वाढली नाही आणि कमीही झाली नाही. म्हणजे आखडलेला पाय थोडा मोकळा होतो. दुखणं कमी वाटण्याचं एक कारण मज्जातंतूंमध्ये आहे. कोपर टेबलावर आपटलं की आपण लगेच चोळतो, कारण चोळण्याची जाणीव दुखण्याच्या जाणिवेला वाटेतच अडवते. वॉल आणि मेल्झॅक यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. मसाज गनचे ठोके तेच करतात. आराम खरा आहे, पण तो काही वेळाचा. स्नायूंची दुरुस्ती झोप, पाणी, जेवण आणि हलकी हालचालच करते.

वजन कमी होतं, चरबी वितळते, सायटिका बरी होते, स्लिप डिस्क जागेवर बसते, असं कुणी विकताना सांगत असेल तर त्या दुकानातून सलाम करून निघा.

कोणी वापरू नये

घरात एकदा यंत्र आलं की ते सगळ्यांच्या हातात फिरतं, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी वापरू नये, अँजिओप्लास्टी झालेल्या बहुतेकांना ती असते. ठोक्यांनी आत रक्त साकळतं. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी पायांवर वापरू नये. किती जोराने लागतंय हे त्यांना कळतच नाही आणि जखम दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्या घरांमध्ये शुगर किती आहे, ते वेगळं सांगायला नको. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्यांच्यावर नाही. हाडं ठिसूळ झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, पेसमेकर बसवलेला, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, या सगळ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदर बाईने पोट, कंबर आणि पायांवर वापरू नये. लहान मुलांच्या हातात खेळणं म्हणून तर अजिबात नको.

ताजा मार, मुरगळणं, सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागेवर नाही. हिजामा केला असेल तर त्या खुणा आणि चिरे पूर्ण भरेपर्यंत तिथे नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण ‘हिजामाही केला, आता गनही मारू, डबल फायदा’ असं म्हणणारे भेटतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर तिला हातही लावू नका, थेट दवाखाना गाठा. ती आत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. ठोक्यांनी ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. जेद्दाहसारख्या लांबच्या विमानप्रवासानंतर हे होऊ शकतं. उमराहहून आलेल्या माणसाची पोटरी ‘चालून चालून’ दुखतेय असं समजून गन चालवण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून नीट बघा.

जास्त वापराचा धोकाही कागदावर आला आहे. २०२१ मध्ये ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात चीनमधल्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. सायकलिंगनंतर दुखणाऱ्या मांड्यांवर मसाज गन वापरल्यावर तिचे स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले आणि लघवीचा रंग चहासारखा झाला. तिला रक्त कमी असल्याचा त्रास आधीपासून होता, आणि त्यावर उपचार घेतलेला नव्हता. असं क्वचितच होतं, पण मसाजनंतर लघवी गडद झाली तर वाट बघायची नाही, एवढं समजून घ्या.

आता निवड

यातून पार पडलात, म्हणजे दुखणं स्नायूचंच आहे आणि माणूस धडधाकट आहे, तर मग यंत्र बघू.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? ‘३० स्पीड’, ‘३२०० आरपीएम’, ‘८ हेड’. यातलं एकही कामाचं नाही. घरी माणूस दोन-तीन स्पीडच वापरतो. उरलेल्या सत्तावीस आकड्यांचे पैसे कशाला द्यायचे?

कामाच्या गोष्टी दोन. पहिली, गोळा किती खोल ठोका देतो, म्हणजे किती मिलिमीटर आत-बाहेर होतो. याला अँप्लिट्यूड म्हणतात. बऱ्याच स्वस्त यंत्रांत हे ४ ते ६ मिलिमीटर असतं. ते खरं तर नुसतं थरथरणं झालं. अंगावर मुंग्या आल्यासारखं वाटतं, आत काही पोहोचत नाही. घरच्या वापराला ८ ते १० मिलिमीटर पुरेसं आहे. १२ ते १६ मिलिमीटर जिममध्ये वजन उचलणाऱ्या किंवा जाड मांड्यांच्या माणसासाठी. बारीक अंगाच्या बाईला किंवा साठीच्या माणसाला १६ मिलिमीटरचा ठोका सोसत नाही. म्हणजे इथे ‘जास्त ते चांगलं’ असा हिशोब नाही.

खोक्यावर लिहिलेलं खरं की खोटं? दुकानात गन सुरू करा, गोळ्याशेजारी शाळेची पट्टी धरा आणि मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. गोळा पट्टीवर कुठून कुठे जातो, ते दिसतं. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसरी गोष्ट, किती दाब दिल्यावर मोटर अडकते. याला स्टॉल फोर्स म्हणतात. ही माहिती अनेक कंपन्या देतच नाहीत, आणि नेमकं इथेच स्वस्त यंत्र उघडं पडतं. हवेत धरलं की घरघर मस्त, मांडीवर टेकवलं की बंद. आमच्या घरी आलेली पहिली गन अशीच होती. भाईजानच्या मांडीवर ती जेमतेम दोन मिनिटं टिकली, आता कपाटात पडून आहे. आकडे पौंडात लिहितात: २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो, ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, ४० पौंड म्हणजे १८ किलो. घरच्यासाठी ९ ते १४ किलो भरपूर झालं. अंदाज घ्यायचा तर वजनकाट्यावर जाडसर टॉवेलची घडी ठेवा, त्यावर गन सुरू करून टेकवा आणि हळूहळू दाबा. मोटर ज्या आकड्याला गुदमरते, तोच तिचा दम. आकडा ठोक्यांमुळे हलत राहील, पण ४ किलो आणि १२ किलो यांतला फरक लगेच कळतो. आकडा मिळाला की लगेच हात काढा, अडकलेली मोटर जळते.

मग वजन. यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि बायकांच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे बऱ्याच बायका मालिशवाल्याकडे किंवा पुरुष फिजिओथेरपिस्टकडे जायला तयार नसतात आणि बाई फिजिओथेरपिस्ट जवळ मिळेलच असं नाही. त्यांना घरात, दार लावून, कपड्यांवरूनच वापरता येणारं यंत्र सोयीचं आहे. मसाज गनचा हा खरा फायदा मी मानतो. पण एक किलोची गन हात वर करून स्वतःच्या खांद्यावर दोन मिनिटं धरून दाखवा. खांदा मोकळा होण्याआधी दंड भरून येईल. बायकांसाठी आणि वयस्करांसाठी ५०० ते ७०० ग्रॅमची छोटी गन बघा, तिची ताकद थोडी कमी असली तरी चालेल. विकत घेण्याआधी हातात धरून खांद्यापर्यंत नेऊन बघा. मुठीत बसते का, बटण अंगठ्याने दाबता येतं का? सरळ दांड्याच्या गनने स्वतःची पाठ गाठता येत नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. पाठीसाठी घरातलं दुसरं माणूस लागतंच. तेवढ्या निमित्ताने बहिणी-बहिणी, सासू-सुना एकमेकींच्या पाठीशी बसतात, हेही काही वाईट नाही.

आवाज तपासा. एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर इशानंतर कर्कश घरघर कुणालाच नको. हेडचं म्हणाल तर मऊ गोल आणि चपटा, हे दोनच रोज लागतात. टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखा जो असतो, तो घरात न वापरलेलाच बरा. वयस्कर माणसासाठी हवा भरलेला मऊ हेड सोबत येतोय का, ते विचारा. फोमच्या हेडमध्ये घाम मुरतो, सिलिकॉनचा पुसता येतो.

बॅटरी लिथियमची असते. हलकी बॅटरी आणि हलका चार्जर हे नुसतं कमी टिकण्याचं नाही, आगीचंही कारण होऊ शकतं. लिथियम बॅटरीला भारतात आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर किंवा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा आहे, ते निघतं. क्रमांकच नसेल तर ठेवून द्या. चार्जिंग गादीवर, पांघरुणात किंवा रात्रभर करायचं नाही. टाइप-सी पिन असलेली घेतली तर चार्जर हरवला तरी अडत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होणारी घ्या, ही सोय नसलेली नको.

भारतातल्या नावाजलेल्या कंपन्यांची बऱ्यापैकी गन आज साधारण अडीच ते पाच हजारांत येते. घरगुती वापराला त्याच्या वर जायची गरज मला दिसत नाही. पैठण गेट, सिटी चौक किंवा कॅनॉटच्या दुकानातून घेतली तर हातात धरून बघता येते, ऑनलाइन थोडी स्वस्त पडते. ऑनलाइन घेतलीत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि पैसे परत मिळतात की फक्त बदलून देतात, हे आधीच वाचा. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. तक्रार ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. आणि एवढ्याशा वस्तूसाठी ईएमआयवर सही करू नका, व्याजाचा एक पैसाही यात अडकायला नको. दोन भावांच्या घरात मिळून एक घेतली तरी पुरते.

वापरायची कशी

सगळ्यात कमी स्पीड. कपड्यांवरून. एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. गन दाबायची नाही, नुसती टेकवून हळूहळू सरकवायची, तिचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. एकाच जागी रोखून धरू नका. गोड दुखतंय तोवर ठीक, तोंडातून ‘आह’ निघाली की थांबा. दुसऱ्या दिवशी निळा डाग दिसला तर समजा, जास्त झालं.

मानेच्या पुढे आणि बाजूला कधीच नाही. तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा जातात आणि मानेवर गन वापरल्यावर ती नस आतून फाटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात झालेली आहे. कण्यावर नाही, डोक्यावर नाही, बगलेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे नाही, पोटावर नाही, कुठल्याही हाडावर नाही.

रोज्यात मालिशने रोजा तुटत नाही, असंच उलमा सांगतात. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा. पण अस्रनंतर अंगात पाणी कमी असतं, तेव्हा कशाला? इफ्तारनंतर, पाणी पिऊन, तरावीहच्या आधी दोन मिनिटं मांड्यांना आणि परत आल्यावर दोन मिनिटं पोटऱ्यांना, एवढं पुरतं. पाच-सहा तरावीह झाल्या की पाय आपोआप सरावतात, मग गनची गरजही उरत नाही.

हज-उमराहला न्यायची असेल तर

सफा-मरवाचे सात फेरे म्हणजेच तीन किलोमीटरच्या वर चालणं, तवाफ वेगळा, हॉटेलपासून हरमपर्यंतची पायपीट वेगळी. तिथे छोटी गन उपयोगी पडते, शिवाय वास येणाऱ्या बामची अडचण येत नाही, कारण एहराममध्ये खुशबू चालत नाही. विमानात मात्र बॅटरीचा नियम आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत चालते. आकडा काढायचा तर एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणा: २५०० एमएएच आणि १२ व्होल्ट असेल तर ३० वॉट-अवर, म्हणजे बरीच आत. सुटी बॅटरी असेल तर ती मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्याच बॅगेत. आकार पिस्तुलासारखा असल्याने तपासणीत काढून दाखवावी लागू शकते, म्हणून वरच ठेवा, हेड काढून ठेवा, आणि सामान बांधण्याआधी एअरलाइनला एकदा विचारून घ्या. कुणी विचारलं तर ‘मसाजर’ म्हणा. विमानतळावर ‘गन’ हा शब्द तोंडातून काढू नका.

आणि ज्यांना यातलं काहीच घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी: एक जुना टेनिस बॉल घ्या. भिंत आणि खांद्याच्या मागचा भाग यांच्यामध्ये तो धरा आणि गुडघे किंचित वाकवून वर-खाली व्हा. पोटरीसाठी लाटण्याला टॉवेल गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. पाण्याच्या दिवशी रात्री गरम पाण्याची पिशवी कंबरेला पंधरा मिनिटं. हंडा उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसून उचलायचा, आणि वरच्या मजल्यावर एकटीने नाही, घरातल्या मुलग्यांना हाक मारायची.